चढावरची गाडी

"गाडी सुरू केलीस तर तुझी, नाहीतर रविवारी भंगारवाला ओढून नेईल," दादा फोनवर म्हणाला तेव्हा तो हसत होता. शेडची जागा त्याला हवी होती. तिथे त्याला दुकानाचा गाळा काढायचा होता, आणि त्या जागेच्या मधोमध बाबांची जुनी गाडी ठाण मांडून बसली होती.

"तूच बंद पाडलीस, तूच सुरू कर. बरोबर की नाही?"

घरात हे वाक्य नवं नव्हतं. बाबा ड्रायव्हिंग शिकवायचे. बाहेर सगळे त्यांना मास्तर म्हणायचे आणि गाडीला मास्तरीण. "घरात एक, शेडमध्ये एक, मास्तरांची मजा आहे," असं शिकायला येणारे लोक म्हणायचे आणि आई चहाचे रिकामे कप उचलून आत जायची. गाडी शेवटची चालली तेव्हा स्टिअरिंगवर मी होते. पाण्याच्या टाकीच्या चढावर ती माझ्या हातून बंद पडली. तशी ती नेहमीच पडायची, पण त्या दिवशी ती पुन्हा सुरू झाली नाही. लोकांनी ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर माझी लायसन्सची परीक्षा होती. परीक्षा बुडाली. ठिकठिकाणी फिरून पाण्याचे नमुने गोळा करायची, एका प्रयोगशाळेतली नोकरी हातात आली होती, लायसन्स नाही म्हणून तीही गेली. "इंजिन बसलं," एवढंच बाबा म्हणाले आणि शेडला कुलूप लावलं. पुढे ते आजारी पडले, आणि त्या आजारातून उठले नाहीत. नातेवाइकांच्या तोंडी एवढंच राहिलं, की मास्तरांची गाडी त्यांच्या मुलीने मारली आणि मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं.

आता प्रयोगशाळेत ती जागा पुन्हा निघाली होती. स्वतःची गाडी असेल त्याला आधी घेणार होते. म्हणून मला ती गाडी हवी होती. दुसरीकडे शिकता आलं असतं, पण मास्तरांच्या मुलीने दुसऱ्या मास्तराकडे जाणं म्हणजे त्यांच्या तोंडाला काळं फासणं, असं तेव्हाही वाटायचं आणि ते गेल्यावर तर जास्तच. शिवाय माझी खात्री झाली होती की दोष माझ्या पायात आहे. पायाला क्लच कळतच नाही.

मी पदार्थविज्ञान शिकले आहे, गाड्या नाही. पण न चालणाऱ्या यंत्रासमोर काय करायचं हे प्रयोगशाळेत अंगवळणी पडलेलं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि माहीत आहे असं वाटतं तेही तपासायचं. बॅटरी उतरलेली होती, ती चार्ज करून आणली. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला रंगासारखा वास येत होता. ते काढून ताजं भरलं. सेल्फ मारला तर इंजिन घरघर करत फिरलं, म्हणजे ते बसलं नव्हतं. बसलेलं इंजिन फिरतच नाही. बाबांचं निदान चुकलं होतं याचं मला नवल वाटलं. दूरवरून जाणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून ते दोष सांगायचे.

इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. प्लग काढला तर तो पेट्रोलने ओला. पेट्रोल पोचत होतं, पण ते जाळायला ठिणगी पडते की नाही ते बघायला दोन माणसं लागतात. एकाने प्लग वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने आत बसून चावी फिरवायची.

"आई, जरा येतेस का?"

आई पदराला हात पुसत आली. काय करायचं ते ऐकलं आणि दोन पावलं मागे सरली.

"मी नाही बसायची तिथे."

"फक्त चावी फिरवायची. गिअरमध्ये पण नाहीये."

"मी हात लावला की ती बंद पडते."

"ती आधीच बंद आहे, आई. आणखी किती बंद पडेल?"

ती बसली, पण सीटच्या कडेला, एक पाय दाराबाहेर जमिनीवर ठेवून. एखाद्या अनोळखी घरी बसावं तशी. चावी फिरवताना तिने डोळे मिटून घेतले. इंजिन घरघरलं. माझ्या हातातल्या प्लगच्या टोकाकडे मी डोळे फाडून बघत होते. काही नाही. काळोखच.

"झालं?"

"झालं. ठिणगी नाहीये."

"मग टाकूया भंगारात," आई म्हणाली, जरा घाईनेच, आणि उतरली.

पण ठिणगी नाही हे कळणं म्हणजे अर्धं काम झालं. या जुन्या गाड्यांमध्ये ठिणगीसाठी एक कॉईल असते. चावीपासून तिच्यापर्यंत एक वायर जाते, तिच्यातून कॉईलला वीज मिळते. मी मीटर लावला. कॉईलपाशी शून्य. चावीच्या मागच्या बाजूला बॅटरीची पुरी वीज. म्हणजे माझ्या हाताइतक्या लांबीच्या वायरमध्ये कुठेतरी वीज हरवत होती. मला खरं तर आनंद झाला. शोधायची जागा इतकी लहान झाली की शोधणं हे कोडं राहत नाही, खेळ होतो.

डॅशबोर्डच्या खाली पाठीवर झोपून मी ती वायर बोटांनी चाचपत गेले. मध्ये एक जोड लागला. वर काळी चिकटपट्टी, आणि पट्टीचं टोक सुटू नये म्हणून त्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे. तो जोड कोणाचा हे टॉर्च न लावताही कळलं असतं. आमच्या इस्त्रीची वायर तशी जोडलेली आहे, दिव्याची आहे, माझ्या लहानपणीच्या रेडिओचीसुद्धा होती. बाबा सगळं असंच बांधायचे.

त्या जोडातून लाल रंगाच्या दोन जादा वायरी निघून खालच्या जाजमाखाली शिरल्या होत्या. मी जाजम उचलत गेले. वायरी गिअरच्या पलीकडे गेल्या, शिकवणाऱ्याच्या सीटकडे. त्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता. वायरी पेडलांकडे वळल्या नाहीत. त्या सीटखालून पार दाराच्या बाजूला गेल्या, आणि तिथे, सीटच्या कडेच्या आत, एक छोटी कळ होती. वरखाली होणारी. गाडी चालवणाऱ्याला ती दिसणं शक्य नव्हतं. कळीचं टोक कानशीने घासून आखूड केलेलं होतं आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला होता. मी ती वर केली. खट् असा आवाज व्हायला हवा होता. झाला नाही. रबर त्याचसाठी होतं.

प्लग पुसून परत बसवला आणि चावी फिरवली. गाडी एकदा शिंकली आणि सुरू झाली.

 मग इंजिन चालू ठेवून पलीकडच्या सीटवर गेले, बाबा बसायचे तसं बसले. दाराकडचा हात सैल सोडला तर बोटं आपोआप त्या कळीवर येत होती. खाली केली. इंजिन गप्प झालं, न बिचकता, धक्का न देता, दमल्यासारखं. चढावर अर्ध्या क्लचवर असताना हे झालं तर कोणालाही वाटेल की आपलाच पाय चुकला.

माझ्या कानात त्यांचा आवाज होता. बाबा कधीच चिडायचे नाहीत. शांत स्वभावामुळेच तर लोक त्यांच्याकडे यायचे. "पडली ना परत? असू दे. प्रत्येकाला जमतंच असं नाही गं. आता चावी फिरव." आणि ती सुरू व्हायची. अर्थात व्हायची.

मी त्यांच्या बाजूने विचार करून पाहिला. अशी कळ असायला कारण आहे. शिकणारा घाबरून ॲक्सिलरेटर दाबून धरतो, तेव्हा शिकवणाऱ्याजवळ इंजिन बंद करायचा उपाय हवा. ठीक. मग रबर कशाला? आणि त्या शेवटच्या दिवशी? चुकून त्यांचा पाय लागून कळ खाली गेली असेल का? मी पायाने करून पाहिलं, पिशवी आपटून पाहिलं, सीट मागेपुढे सरकवून पाहिली. कळ ताठ होती. दोन बोटांनी धरून ओढल्याशिवाय हलत नव्हती. गाडी घरी आल्यावरही त्यांच्याजवळ कितीतरी वेळ होता. दुसऱ्या दिवशीची परीक्षा होईपर्यंत पुरेल इतका.

इंजिनचा आवाज ऐकून आई दारात आली होती. मी तिला कळ दाखवली आणि इंजिन चालू करून, बंद करून दाखवलं. तिने तीन-चारदा करायला लावलं. समजलं नव्हतं म्हणून नाही.

"तुझी कुठे बंद पडायची?" तिने विचारलं.

"टाकीच्या चढावर."

"सपाटीला?"

"सपाटीला कधीच नाही."

आईने शेडच्या खांबाला हात टेकला. "माझी पण तिथेच."

"तू शिकत होतीस?"

"दादा पोटात असताना थांबले. लोक मागून हॉर्न वाजवायचे. हे म्हणायचे, लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस. इतकं गोड बोलायचे." तिने खांबावरचा हात काढला. "मी म्हटलं, मीच बावळट."

ती आत गेली. दूध उतू गेल्याचा वास आला आणि पातेलं आपटल्याचा आवाज.

मी दादाला फोन लावला. "सुरू झाली," एवढंच म्हटलं.

 मग तो म्हणाला, "सीटखाली हात घातलास वाटतं."

"तुला माहीत होतं."

"अगं, सेफ्टीसाठी असतं ते! मी वर्षभर शिकवायला जात होतो ना त्यांच्याबरोबर. मला वाटलं तुलाही माहीत असेल. तूच तर शेपटासारखी मागे असायचीस त्यांच्या."

"माहीत असतं तर गाडी इतके महिने पडून राहिली असती?"

"आता मला काय ठाऊक तेच कारण आहे म्हणून! मी काय मेकॅनिक आहे? आणि भंगारवाल्याला मी शब्द दिलाय, तोंडघशी पाडणार तू मला."

"दादा, तू शिकत होतास तेव्हा तुझी बंद पडायची का चढावर?"

"एकदा पडली." त्याच्या आवाजात हसू आलं, आठवणीतलं, अगदी खरं. "मी वळून बघितलं तर बाबा गालातल्या गालात हसत होते. मग त्यांनीच दाखवलं मला, हे बघ, कुणाला सांगू नकोस. भारी माणूस होता यार."

"हो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

लाल वायरी मी मुळापासून कापल्या आणि जुनी वायर थेट जोडली. वर चिकटपट्टी लावली. दोरा बांधला नाही. मग आईला हाक मारली.

"चल."

"कुठे?"

"टाकीवर."

कायद्याने हे चुकीचं होतं. माझ्याकडे शिकाऊ लायसन्स होतं आणि शेजारी बसणारीला गाडी येत नव्हती. आई बाबांच्या सीटवर बसली. तिने पाय पेडलांपासून दूर, सीटच्या खाली ओढून घेतले. वायरी कापलेल्या तिने स्वतः पाहिल्या होत्या, तरी दोन्ही हात मला दिसतील असे मांडीवर ठेवले, तळवे वर करून. रस्ताभर ती तशीच बसली होती.

चढ आला. मी पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला.  ज्या जागी बंद पडायची ती जागा आली, विजेच्या खांबाशेजारची. इंजिनचा आवाज जड झाला आणि तसाच चालू राहिला. खांब मागे गेला. मग भिंत, मग टाकीचं फाटक. आम्ही वर पोचलो होतो. मी गाडी बाजूला घेतली. बरं वाटेल असं मला वाटलं होतं. फक्त घाम सुटला.

"आता तू बस इकडे," मी आईला म्हटलं. "मी शेजारी बसते. इथे सपाटी आहे."

"नको."

"आई, आता ती बंद नाही पडणार."

"तेच तर." ती दार उघडून उतरली, फाटकापाशी गेली आणि खाली बघत उभी राहिली. एक माणूस भाजीची पिशवी घेऊन चढ चढून येत होता, फोनवर बोलत, धापही न लागता.

"एवढाच होता चढ?" आई म्हणाली.



"मी चालत येते," ती म्हणाली. पदर खोचून ती उतरायला लागली. मी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. मग मीही गाडी वळवली आणि पहिल्या गिअरमध्ये, तिच्या चालीने, तिच्या मागे मागे खाली उतरू लागले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. आई दचकून थांबली, पुन्हा चालू लागली. मी ब्रेकवर पाय ठेवून होते. इंजिन एका लयीत चालू होतं. खांबापाशी पोचल्यावर ती क्षणभर थांबली, त्या जागेकडे बघितलं, आणि बाजूने गेली.