हिरव्या टोपीच्या मागे

गॅसचा ट्रक दहाला येणार होता. साडेअकरा झाले तरी पत्ता नव्हता, आणि कामागुए गावातल्या त्या कोपऱ्यावर सगळी माणसं सावलीच्या मागे मागे सरकत होती. रांग अशी दिसत नव्हतीच. कुणी पायरीवर बसलेलं, कुणी समोरच्या भिंतीला टेकलेलं, कुणी रिकाम्या टाकीवर बूड टेकवून पेंगत होतं. पण रांग होती. डोक्यात होती. आलं की ओरडायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं. मग त्याला विचारायचं, "तुम्ही कुणाच्या मागे?" म्हणजे तो माणूस वैतागून घरी गेला तरी आपली जागा सांगता येते. एवढं लक्षात ठेवलं की जा कुठेही, झोपा, भांडा, कॉफी प्या. आणि नंतर कुणी येऊन तेच ओरडलं की आपण हात वर करायचा. हे कामागुएतलं शेंबडं पोरही जाणतं.

यानेल्विसही जाणत होती. सोळा वर्षांची होती, त्यातली दहा तरी रांगांतच गेली असतील.

पण तिचं लक्ष फोनमध्ये होतं. बोलायला नाही, फोटो काढायला. शाळा सोडून तिला आठ महिने झाले होते. गणिताच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर "डोक्यात भुसा" म्हटलं, हिने वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि जी निघाली ती परत गेलीच नाही. तेव्हापासून ती गावभर फिरून अनोळखी माणसांचे फोटो काढायची. कुणाला विचारायची नाही. विचारलं की माणूस लगेच चेहरा चढवतो, लग्नाला जाताना कोट चढवतो तसा. तिला कोट नको होता. आतला घामेजलेला बनियन हवा होता.

"दिवसभर करतेस तरी काय?" आई विचारायची.

"बघते."

"बघून पोट भरतं का गं?"

आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात होती. संध्याकाळी यायची आणि चादरी पिळून पिळून सुजलेल्या हातांनी अंगणात कोळसे फुंकत बसायची. तीन आठवडे घरात गॅस नव्हता. यानेल्विस याआधी दोनदा रांगेत येऊन रिकाम्या हातांनी परत गेली होती. एकदा एका आंधळ्या बाजावाल्याच्या मागे चार गल्ल्या गेली, एकदा कबुतरांच्या मागे. आज सकाळी आई ओरडली नाही. ओरडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. नुसती म्हणाली, "आज टाकी नाही आली तर तो फोन मी कोळसेवाल्याला देणार. शपथेवर सांगते."

आई शपथ फुकट घेत नाही.

म्हणून यानेल्विस पहाटेच आली होती. "शेवटचं कोण?" विचारलं, हिरव्या टोपीवाल्या एका माणसाने हात वर केला, ही त्याच्या मागे उभी राहिली. तो कुणाच्या मागे, ते विचारायचं राहिलं. कारण त्याच्या मानेवर घामाची एक धार अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी उतरत होती. तिने फोन काढला.

ट्रक आला पावणेबाराला. सगळी एकदम उठली. पेंगणारे उठले, भांडणारे भांडण अर्धं सोडून उठले. ड्रायव्हरने खाली न उतरताच सांगितलं, "चाळीस आहेत. एकेचाळिसाव्याने माझं डोकं खाऊ नये."

रांग लावायचं काम बाल्दोमेरोकडे. त्याला कुणी नेमलं नव्हतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर शिट्टी गळ्यात राहिली होती आणि लोक त्याचं ऐकायचे, एवढंच. तो एकेकाला हाताला धरून भिंतीशी उभं करत गेला.

"छत्तीस, सदतीस. लाल पिशवीवाली, तू अडतीस. तुझ्या मागे कोण?"

"हिरवी टोपी," लाल पिशवीवाली म्हणाली.

हिरवी टोपी कुठेच नव्हती.

"गेला तो," ओस्मानी न्हावी म्हणाला. "मघाशीच गेला. म्हणाला, मी कच्चंच खाईन पण इथे मरणार नाही."

"बरं झालं, एक टाकी वाचली. त्याच्या मागे कोण?"

"मी," यानेल्विस म्हणाली.

"मी," तिच्या शेजारून आवाज आला.

पन्नाशीची बाई होती. ओनेइदा नाव. हातात ढकलगाडी, पायात वेगवेगळ्या जोडांतल्या दोन चपला. तिने यानेल्विसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही कोण?"

"मी कोण म्हणजे? मी पहाटेपासून इथेच आहे!"

"असशील गं. कामागुएत पुष्कळ लोक पहाटेपासून आहेत. मी आले तेव्हा विचारलं, शेवटचं कोण? हिरव्या टोपीने हात वर केला. मी विचारलं, तुम्ही कुणाच्या मागे? म्हणाला लाल पिशवीच्या. तू तेव्हा हात वर केलास का?"

यानेल्विसने फोन खिशात घातला. नव्हता केला. तिला आता आठवलं. ओनेइदा येऊन ओरडली तेव्हा हिचे दोन्ही हात फोनवर होते. ही नुसती ओनेइदाकडे बघत होती, आणि टोपीवाल्याने सवयीने हात वर केला होता.

"मी त्याच्या मागेच होते," ती म्हणाली. आवाज चढला होता. "तुम्हाला दिसत नाही त्यात माझा काय दोष?"

"दोष कुणाचा नाही, राणी. हात वर केला नाहीस म्हणजे तू नव्हतीस."

"पोरी, साक्षीला कोण आहे?" बाल्दोमेरोने विचारलं. "ही एकोणचाळीस की ही? काय ते पटकन सांगा. ऊन डोक्यात चाललंय."

"एकोणचाळीस आणि चाळीस, दोघींनाही मिळेल की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मला कसं मिळेल?" तिथेच उभा एक म्हातारा ओरडला. "मी हिच्या मागे आहे, या ओनेइदाच्या! चाळीस मी! ही पोरगी आकाशातून पडली!"

म्हणजे ही आत आली तर तो म्हातारा बाहेर. बाल्दोमेरोने कपाळ पुसलं. "म्हणजे हिचं खरं ठरलं तर आजोबा गेले."

ओनेइदाने मान हलवली. "आजोबा कसे जातील? काठी धरून सहा तास उभे आहेत. हिचं खरं असेल तर ही एकोणचाळीस, चाळीसवर आजोबा, मी जाते. पण आधी खरं तर ठरू दे."

यानेल्विसने खिशातला फोन दाबून धरला. दाखवला तर फोटोंचं सगळ्यांना कळणार. नाही दाखवला तर टाकी गेली, आणि संध्याकाळी फोनही.

"माझ्याकडे आहे साक्ष," ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

बाल्दोमेरोने चष्मा चढवला. माना जमल्या. तो बोट सरकवत गेला आणि सकाळपासूनची सगळी रांग एकेक करत बाहेर आली. भिंतीला टेकून उघड्या तोंडाने झोपलेली बाई. निस्तेज डोळ्यांनी कुठेच न बघणारा तरुण. टाकीवर बसून स्वतःचा अंगठा दाबणारा ओस्मानी.

"हा मी?" ओस्मानी म्हणाला. "अरे, मला वाटलं माझा बाप परत आला."

कुणी हसलं नाही. लाल पिशवीवाली स्वतःला बघून हळूच केस मागे सारू लागली. मग एकजण म्हणाला, "हिला कुणी सांगितलं आमचे फोटो काढायला?" आणि दुसरी म्हणाली, "निर्लज्ज आहे कार्टी!"

"गप्प," बाल्दोमेरो म्हणाला. "पण पोरी, तू कुठे आहेस यात? एकातही तू नाहीस."

"मी कशी असेन? फोटो कोण काढतंय?"

"मग ही साक्ष कसली?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. आता यानेल्विस फोन हिसकावून घेणार, चार शिव्या घालणार आणि जाणार, असं वाटत असताना ओनेइदा म्हणाली, "थांबा. मघाचा टोपीवाला फोटो दाखवा."

घामाच्या धारेची मान. वर हिरवी टोपी. सहा वाजून बारा मिनिटं.

"आता पुढचा."

ओनेइदा स्वतः होती. सहा चौदा. ढकलगाडीच्या दांड्यावर वाकलेली, तोंड हाक मारायला उघडलेलं, डोळे मात्र हाकेच्या आधीच थकलेले. जणू उत्तर काय येणार ते तिला ठाऊक होतं आणि तरी विचारायचं होतं. यानेल्विसने आठ महिन्यांत काढलेला हा सगळ्यांत चांगला फोटो होता. तिला सकाळीच कळलं होतं.

ओनेइदा त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली.

"हे मी विचारतेय," ती म्हणाली. "शेवटचं कोण, ते. आणि आधीच्यात त्याची मान मागून दिसतेय, यात मी पुढून दिसतेय. म्हणजे काढणारी आमच्या मधे होती." तिने फोन बाल्दोमेरोच्या हातातून घेतला. "पोरगी खरं बोलतेय. ही एकोणचाळीस. आजोबा, तुम्ही चाळीस, माझ्या जागी या."

"अहो बाई, पण..." म्हातारा काठी पुढे टेकत म्हणाला.

"पण नाही नि बिण नाही. या म्हटलं ना. तुमचा रंग बघा, टोमॅटो झालाय."

मग ती यानेल्विसकडे वळली. आवाज वर गेला नाही. "टाकी तुझी. तोंड माझं. हे काढून टाक."

"हा चांगला आहे. काकी, खरंच, तुम्ही नीट बघा..."

"बघितलं. नीट बघितलं म्हणूनच सांगते. घरी दोन म्हातारी माणसं आहेत माझ्या. ती रोज मला विचारतात, दमलीस का? मी रोज नाही म्हणते."

यानेल्विसच्या जिभेवर पुष्कळ काय काय आलं. रस्ता सगळ्यांचा आहे, बघायला पैसे पडत नाहीत, असलं. एरवी ती ते बोललीच असती. आज उन्हाने की कशाने, तिने अंगठा टेकवला. फोनने विचारलं, नक्की? तिने नक्की म्हटलं. ओस्मानी म्हणाला, माझाही. लाल पिशवीवाली म्हणाली, माझाही. एकेक जण पुढे येत गेला, आपला चेहरा ओळखून बोट दाखवत गेला, आणि ती काढून टाकत गेली. हिरव्या टोपीची मान तेवढी राहिली. तिचा मालक घरी कच्चं खात बसला असेल.

"एकोणचाळीस!" ट्रकवरून हाक आली.

भरलेली टाकी हातात आली तेव्हा तिचे खांदे खाली ओढले गेले. म्हाताऱ्याने चाळिसावी घेतली. ट्रकवाल्याने फळी आपटून बंद केली, मागे उभ्या असलेल्यांनी दोन-चार शिव्या दिल्या, त्याही अर्ध्याच, आणि पांगले.

ओनेइदा गेली नाही. पुढचा ट्रक परवा, असं ट्रकवाला म्हणाला होता. तिने ढकलगाडी भिंतीला लावली, रिकामी टाकी आडवी केली आणि तिच्यावर बसली. परवाच्या रांगेत पहिली. तिच्या मागे अजून कुणी नव्हतं. तिने चपलेतून एक पाय काढला, गुडघ्यावर हात ठेवले आणि रस्त्याकडे बघत राहिली.

यानेल्विस दहा पावलांवर उभी होती. तोच चेहरा. त्याहून चांगला, कारण आता ऊन बाजूने येत होतं आणि अर्धं तोंड भिंतीच्या सावलीत होतं. तिचे दोन्ही हात टाकीत अडकले होते.

"बघतेस काय?" ओनेइदा तिकडे न बघताच म्हणाली. "जा. एवढं वजन घेऊन उभं राहू नये. पाठ जाते."

"उद्या मी येऊ का जागा धरायला? तुम्ही घरी जाऊन या तोवर."

"तू?" ओनेइदा पहिल्यांदा हसली, म्हणजे ओठ थोडे हलले. "तू हात वर करशील याची काय खात्री?"

यानेल्विसने टाकी मांडीवर टेकवून पकड बदलली. "करीन," म्हणाली आणि चालू लागली. वीस पावलांवर टाकी खाली ठेवली. पुन्हा उचलली. घर अजून नऊ गल्ल्या लांब होतं.