आईसाठी मतपेटी

आईचं सगळं पिरोश्का करायची आणि कौतुक मात्र एतेल्काचं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिला उठवणं, न्हाऊ घालणं, रविवारचं सूप गाळून भरवणं, सगळं थोरल्या लेकीकडे. धाकटी नदीपलीकडे, स्लोव्हाकियात. डॅन्यूबवरचा पूल ओलांडला की दहा मिनिटांत तिचं घर, पण बाई यायच्या महिन्यातून एकदा. परवाच्या ईस्टरला ती हॅमचा एवढासा तुकडा घेऊन आली, तर आई आठवडाभर तेच घोकत होती. एतेल्काचा हॅम काय मऊ गं, एतेल्काला मीठ कसं नेमकं कळतं. अहो, तो हॅम दुकानातला होता! पिरोश्कानं कचऱ्यात त्याची पिशवी पाहिली होती. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्यात निवडणूक आली. पलीकडे राहणाऱ्या एतेल्काकडेही इकडचं, हंगेरीचं नागरिकत्व, त्यामुळे तिची मतपत्रिका घरबसल्या पोस्टानं आली आणि पोस्टानंच गेली. हे सरकार राहावं असं तिला वाटत होतं. ती शिकवते त्या हंगेरियन बालवाडीचं छप्पर बुडापेस्टच्या सरकारनं घालून दिलेलं. नवे लोक आले तर ब्रुसेल्सशी गोड बोलतील, शेजाऱ्यांशी हातमिळवणी करतील आणि त्या सौद्यात आम्हा पलीकडच्या हंगेरियनांना विसरतील, ही तिची भीती. पिरोश्काला नेमकी ती हातमिळवणीच हवी होती. तिच्या लेकाची, बालिंतची, परदेशी विद्यापीठातली जागा सरकार आणि युरोपच्या भांडणात गेली होती. पोरगं वर्षभर गोदामात खोकी उचलत होतं. फोनवर दोघी बहिणी यावरून इतक्या भांडल्या, की शेवटी एकमेकींशी बोलणंच टाकलं. आता दोघी फक्त आईशी बोलायच्या. आई दोघींनाही हो म्हणायची.

मतदानाच्या रविवारी सकाळी पिरोश्का चहा घेऊन खोलीपाशी आली, तर आई एतेल्काशी फोनवर बोलत होती. "हो गं बाळा, तू म्हणतेस तसंच करीन," आई म्हणत होती. सत्तावन्न वर्षांत पिरोश्काला कुणी बाळा म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. दारातच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

आईला केंद्रावर नेणं शक्यच नव्हतं. अशांसाठी फिरती मतपेटी घरी येते, पण अर्ज दुपारी बाराच्या आत शाळेतल्या केंद्रावर पोचवावा लागतो. आईनं थरथरत्या हातानं सही केली, अर्ज पिरोश्काला दिला आणि हुकूम सोडला की पेटी घेऊन येणाऱ्यांसाठी पोगाचे, ते छोटे खारे पाव भाज, चीज सढळ घाल. निळं कार्डिगनही चढवून घेतलं. पिरोश्कानं पोगाचे भाजले, अर्ज पर्समध्ये टाकला आणि ती निघाली.

शाळेत तिनं स्वतःचं मत दिलं. यादी घेऊन बसलेली बोर्बाला लहानपणी तिच्याच वर्गात होती. तिनं आपणहून विचारलं, आईकडे पेटी पाठवायची ना, अर्ज आणलायस का? पर्स पिरोश्काच्या हातातच होती. नुसती उघडायची होती.

"नको," पिरोश्का म्हणाली. "आईला बरं नाहीये. ती नको म्हणतेय."

बोर्बाला हळहळली आणि पुढच्या माणसाकडे वळली. बस, एवढंच. पिरोश्का चर्चसमोरच्या बाकावर जाऊन बसली. मागे फिरायला तासभर होता. तिनं स्वतःला समजावलं की एका मतानं काय होतंय, आणि लगेच तिलाच कळलं की हे मताचं नाहीच. त्या बयेला आईच्या हातून आणखी काही मिळू नये, इतकंच तिला हवं होतं. आयुष्य आईसाठी इथं झिजवायचं आणि तिची माया पुलापलीकडे वाहायची, हे आता बास. बाराची घंटा झाली तशी ती उठली. हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

घरी आल्यावर आईला म्हणाली, पेटीवाले येतील. तीन वाजता म्हणाली, यादी लांब असेल. आई खिडकीशी बसून होती, कुणी फाटकापाशी थांबलं की मान उंच करायची. चारनंतर तिनं विचारणंच सोडलं. पिरोश्काला ते विचारण्यापेक्षा जास्त जड गेलं. सात वाजता मतदान संपलं, आणि फोन वाजला. एतेल्काच.

"हो हो, आले होते दोघं," आई फोनवर म्हणाली. "चांगली माणसं होती, पोगाचे खाऊन गेली. दिलं मत. पिरोश्कानंच तर सगळं केलं. बरं, पुढच्या रविवारी ये."

पिरोश्का भांडी पुसता पुसता थांबली. आईनं फोन खाली ठेवला.

"तू अर्ज दिलाच नाहीस ना?"

पिरोश्कानं फडकं खाली ठेवलं. तिनं विचारलं, तुला कसं कळलं. आई म्हणाली, चार वाजताच तू पोगाचे डब्यात भरून ठेवलेस, पाहुणे यायचे असले की कुणी असं करतं का.

"मग तिला खरं का नाही सांगितलंस?"

"तिनं परत या घरात पाऊल टाकलं नसतं."

म्हणजे इथंही तिचीच काळजी! शरमेनं मेल्यासारखं झालं होतं, तरी पिरोश्काच्या छातीत ती जुनी कळ उठलीच.

"तिच्या पक्षाला देणार होतीस," ती म्हणाली. "मी ऐकलं सकाळी. तू म्हणतेस तसंच करीन म्हणालीस."

"तुलाही तेच म्हणाले होते की शुक्रवारी." आईनं गुडघ्यावरची शाल सारखी केली. "दोन फुल्या मारणार होते. एक तुझ्या लोकांवर, एक तिच्या."

"अगं, मग मत बाद झालं असतं!"

"होऊ दे ना बाद. सरकारं मी ढीगभर बघितली. कधी पलीकडच्यांशी गळ्यात गळे, कधी तोंड बघायचं नाही. लेकी मला दोनच आहेत."

पिरोश्का मटकन खुर्चीत बसली. ज्या मतासाठी ती दिवसभर आईला खिडकीत तिष्ठत ठेवून बसली, ते कुणाचंच नव्हतं. आता माफी मागायची, आईचे हात हातात घ्यायचे, एवढं तिला नक्की कळत होतं. पण माणसाचा स्वभाव, जाणार कुठं! तोंडातून निघालं ते भलतंच.

"पहिली फुली कुणाच्या लोकांवर मारली असतीस?"

आईनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, दमलेल्या माणसासारखं.

"माझे हात कापतात. कागद तूच धरणार होतीस," ती म्हणाली. "पेटी आली असती, तर बघितलं असतंस."