ताटावर मागितलेलं घर

संतराम आणि गोजरबाई माझे शेजारी. आमची भिंत एकच. त्यांच्या घरातलं बोलणं मला ऐकू येतं, आणि कान झाकून बसण्याइतकी मी साधी नाही.

घर दोघांच्या नावावर. त्याच्या विटा गोजरबाईने स्वतःच्या डोक्यावरून वाहिलेल्या. त्यामुळे व्याही हरिचंद मळणीयंत्रासाठी कर्ज काढायला निघाले आणि पतसंस्थेकडे हे घर तारण ठेवा म्हणाले, तेव्हा तिने नवऱ्याला साफ सांगितलं, "घरावर बोजा चढू देणार न्हाई. माझ्या सहीबिगर व्हत न्हाई ना? मग मी सहीच देत न्हाई."

संतरामने व्याह्याला 'बघतो' एवढंच कळवलं. मुलीच्या बापाला आपल्याकडे कणा असतो तो व्याह्यापुढे वाकवण्यापुरता.

मग धोंड्याचा महिना आला. लेक, जावई, व्याही सगळ्यांना जेवायला बोलावणं भागच होतं. गोजरबाईने अनारसे तळले, पुरणाचे धोंडे केले. मी वाढायला होते. ताटं वाढून झाली, तरी हरिचंद मांडीवर हात ठेवून बसले. त्यांचं बघून जावई भागवतही तसाच बसला.

"घ्या ना, इवाई," संतराम म्हणाला.

"जेवतो की. आधी इहीणबाईच्या सहीचं बोला."

ताटावर रुसणं आपल्याकडे लग्नातही चालतं. अंगठी घातली की पाव्हणे घास उचलतात. इथं घर मागत होते. आणि व्याही ताटावरून उपाशी उठला तर लेकीचं नांदणं अवघड, हे गोजरबाईला कुणी सांगायला नको होतं. मला तर वाटलं, वरणाचं पातेलं त्यांच्या डोक्यावर ओतावं.

लेक सृष्टी आईच्या मागे उभी होती. तिने हळूच आईचा पदर ओढला. गोजरबाईने वळून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा धीर सुटला.

"देते सही," ती म्हणाली. "जेवा."

हरिचंदांनी भात दोनदा मागून घेतला.

पुढच्याच सालात त्यांनी मळणीयंत्र परस्पर विकून खाल्लं. हप्ते थकले. नोटिसा आल्या, संतराम हेलपाटे घालून दमला, आणि शेवटी पतसंस्थेच्या माणसांनी घराला कुलूप लावून सील ठोकलं. तेव्हापासून नवरा-बायको माझ्या गोठ्यात राहतात.

परवा संध्याकाळी सृष्टी जीपमधून उतरली. कडेवर लेकरू, हातात पिशवी, ओठ सुजलेला. नवऱ्याने हाकलून दिलं होतं. ती सील लावलेल्या दारापुढे उभी राहिली. घर गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं.

गोजरबाई धावत आली. "तुझ्यासाठीच दिली व्हती गं सही. तूच पदर ओढला."

सृष्टीने कुलपावरचं सील बोटाने चाचपलं.

"देऊ नको म्हणून ओढला व्हता, आई. मार तर पहिल्या सालापासूनच हाय. म्हणलं, आपलं घर हाय तवर कवाबी जाता येईल. त्या भरवशावर तर सोसून राहिले मी."

संतरामने तिच्या हातातली पिशवी घेतली.

लेक लेकरू घेऊन माहेरी आली की उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात. गोजरबाईने माझ्या घरातून भाकर घेतली, बंद दारापुढे लेकीवरून आणि नातवावरून तुकडा ओवाळला. मग दोघांना घेऊन ती गोठ्यात गेली.