सुरकुती

शिलाईच्या कारखान्यात थोरलीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कापायच्या कापडावरून ती तळवा फिरवी आणि सुरकुती निमूट पळून जाई. धाकट्या जावेला तिनेच हाताला धरून इथे आणलं, तिनेच घडवलं. मग कॉम्प्युटरवर चालणारं कटाईचं मशीन आलं, त्यासाठी संध्याकाळचा वर्ग सुरू झाला, आणि थोरलीच्या कौतुकाचे दिवस सरले.

मशीनचा नियम एकच. पातं चालू असताना हात आत गेला की मशीन जागच्या जागी बंद, आणि परीक्षेत बंद पडलं की नापास. थोरलीचा तळवा सवयीने आत गेला आणि ती पहिल्याच फटक्यात बाद झाली.

आज पाळी धाकटीची होती. पास झाली तर मशीन तिचं आणि थोरली तिच्या हाताखाली. नापास झाली तर थोरलीला पुन्हा संधी. कालच सासूबाई म्हणाल्या होत्या, "धाकटीचं डोकं चालतं हो!" म्हणजे हिचं काय, खोकं? थोरलीचा नुसता जळफळाट झाला होता. बंद पडू दे मेलं मशीन, असं ती सकाळपासून मनात घोकत होती.

धाकटीने मशीन सुरू केलं. थोरली मदतनीस म्हणून टेबलाच्या कडेला उभी होती. पातं सरसर निघालं. तेवढ्यात त्याच्या वाटेवर बारीकशी सुरकुती दिसली आणि थोरलीचा तळवा आत गेला.

मशीन बंद.

"काय केलंत हे?" वर्गाचे मास्तर कडाडले.

"पोटात दुखलं बाईच्या," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"सवयीने गेला हो हात," थोरली म्हणाली. खरं तेच होतं. पण सकाळचं घोकणं आठवलं आणि तिचा तिलाच विश्वास बसेना.

"सुरकुती खरंच होती, मास्तर," धाकटी म्हणाली. "माझाही हात निघालाच होता. ताईंनीच लावलीय ती सवय."

थोरलीचे डोळे भरून आले. पोरीने चारचौघांत लाज राखली.

"मग तुझा का नाही गेला गं आत?" मास्तरांनी विचारलं.

"आवरला. आणि थांबवायच्या बटणाकडे नेला."

"एवढंच तर शिकवत होतो मी," मास्तर म्हणाले. "मशीन हिचं."

थोरलीच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच आटलं. चुलीत गेली ती लाज. हात कसा फिरवायचा ते तिने शिकवलं होतं. आवरायला या कालच्या पोरीला कुणी शिकवलं?