कान पिळण्याची खूण

पट्टी सपाट पडली की वळ उठतो, धारेवर पडली की हाड मोडतं. बहिऱ्या मुलांच्या शाळेत उच्चार शिकवणाऱ्या मास्तरांना हा फरक पक्का ठाऊक होता. त्यांच्या तासाला खुणांना बंदी होती; तरी बुटकी नावाच्या पोरीने बाकाखालून मैत्रिणीला खुणेने काहीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी तिचा उजवा हात ओढून टेबलावर दाबला आणि पट्टी धारेवर आणली. मग पुन्हा आणली. बुटकी किंचाळली. वर्गातल्या एकाही मुलाला ते ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते फक्त मास्तरांना.

दाराच्या फटीत बोटं सापडली, असं त्यांनी वर कळवलं.

सुजून जांभळी पडलेली ती बोटं गाठबाईंनी जिन्यात पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या स्वतः बहिऱ्या, याच शाळेत शिकलेल्या आणि आता इथेच शिकवणाऱ्या. पोरीने हात हलवू नयेत, तोंडाने बोलावं म्हणून लहानपणी त्यांची मनगटं खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवत. सुटायच्या धडपडीत कातडी सोलवटून निघायची; पांढरे वण अजून होते. ते बघूनच मुलांनी त्यांना खुणेतलं नाव ठेवलं होतं: मनगटावर मनगट, मग एक हिसका आणि दोन्ही हात मोकळे. सुटलेली गाठ.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. मुलांना त्यांच्या भाषेत शिकवा, एवढंच मागणं. कुणी हसलं, कुणी हाकललं. एका साहेबाच्या शिपायाने तर असं ढकललं की त्या जिन्यावरून गडगडत गेल्या आणि खांद्याचं हाड मोडून बसल्या. शेवटी खुणांचा एक वर्ग पदरात पडला. आता तोच पणाला लागला होता. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई. त्यांना मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पोरगी खोटारडी आहे, गाठबाई तिला पढवतायत. हे सिद्ध झालं की तो खुणांचा वर्ग बंद करा."

मोठ्या बाईंच्या खोलीत बुटकीला उभं केलं. उजवा हात प्लास्टरमध्ये. गाठबाईंसोबत त्यांचा थोरला भाऊ आला होता; अशा ठिकाणी बहिणीचा आवाज तोच.

"आले का दादा?" मास्तर खुर्चीत रेलले. "म्हणजे आता नाटकाचा पडदा वर जाणार."

"पडदा तुमच्या डोळ्यांवर आहे, तो आधी काढा," दादा म्हणाला.

"पुरे!" मोठ्या बाई म्हणाल्या. "तिला विचारा, बोटांना काय झालं."

दादाने विचारलं. बुटकीने डाव्या हाताने कानाची पाळी चिमटीत धरून पिळली आणि मग त्याच हाताने प्लास्टरवर फटके मारून दाखवले.

"कान दुखतोय म्हणते," दादा चाचरला. "आणि... बोटंही."

मास्तर खो खो हसले. "घ्या! बहिरीचा कान दुखतोय! अहो, ही काय भाषा झाली? माकडचेष्टा नुसत्या. एकाही खुणेला धड अर्थ नाही."

मोठ्या बाईंनी हात वर केले. "मग मी तरी काय करू?"

गाठबाईंनी दादाचे ओठ वाचले आणि कपाळाला हात लावला. दादाला घरातल्या खुणा येत होत्या. मुलांनी कुणाला काय नाव ठेवलंय, ते त्याला कुठून माहीत असणार? समजावून सांगायला त्यांनी हात उचलले, पण तेवढ्यात मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं, ती खूण त्यांना नेमकी कळलीय हे ओळखलं आणि थांबल्या. बुटकीकडे वळून त्यांनी खूण केली: पुन्हा सांग. त्यांच्याकडे बघून सांग.

बुटकी मास्तरांसमोर गेली. नजर खाली घातली नाही. तिने कान पिळला. हवेतली पट्टी उगारली.

दादा तोंड उघडणार इतक्यात मास्तर उसळून उठले. "नाव घेतेस माझं, कार्टे?"

त्यांनी तिचा धड असलेला हात पकडून पाठीमागे मुरगळला. गाठबाईंनी झेप घेतली. मास्तरांचं कोपर त्यांच्या तोंडावर बसलं, पुढचा दात तुटला, रक्त हनुवटीवरून पदरावर आलं. तरी त्यांनी मास्तरांच्या मनगटात उरलेले दात रुतवले आणि पोरीचा हात सुटेपर्यंत काढले नाहीत. दादाने मास्तरांना कॉलर धरून भिंतीवर आपटलं.

मोठ्या बाई उभ्या राहिल्या होत्या. "नाव?" त्या हळूच म्हणाल्या. "तिने तर नुसता कान पिळला, मास्तर. तुमचं नाव कुठं घेतलं?"

दादाच्या मुठीतून कॉलर सोडवून मास्तर चावलेलं मनगट चोळू लागले.

मोठ्या बाई बुटकीसमोर खाली बसल्या. इतकी वर्षं या शाळेत काढली, पण हातांनी त्या मुलांशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी अडखळत स्वतःच्या कानाची पाळी धरली, पिळली, मास्तरांकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

बुटकीने मान डोलावली. मग बाईंचा अंगठा चुकीच्या बाजूला होता, तो धरून नीट केला.

मोठ्या बाईंनी फोन उचलून पोलिसांना बोलावलं. मास्तर दाराकडे सरकले, चौकटीवर हात ठेवला. दादाने पुढे होऊन दाराची कडी धरली.

"हात काढा," तो म्हणाला. "या दारात बोटं सापडतात म्हणे."