जागा विचारू नका

सेवेरिनची सायकल खास खडीवर चालवण्यासाठी बनवलेली होती, आणि सासुरवाडीत या गोष्टीचं कुणाला काडीचंही कौतुक नव्हतं. दर शनिवारी तो क्राकूफ शहरातून बायकोला आणि सायकलला घेऊन यायचा. बायको गाडीत, सायकल टपावर, आणि रस्ताभर काळजी टपावरचीची. लाकडाच्या ट्रकांनी उखडलेला जंगलरस्ता डांबरी व्हावा म्हणून गावच्या सरपंचाने तालुक्याला हेलपाटे घालून चपला झिजवल्या होत्या. आणि हा माणूस घराजवळचा चांगला रस्ता सोडून मुद्दाम त्याच खडीत शिरायचा, कमरेपर्यंत चिखलाने माखून परतायचा आणि वर म्हणायचा, "काय रस्ता आहे! असाच राहू दे." सरपंच एकदा त्याच्या अंगावर धावूनच जाणार होता. गावाने त्याचं नाव 'खडीवाला' पाडलं होतं. टायरमध्ये हवा किती असावी या विषयावर तो अर्धा तास बोलू शकत असे, आणि समोरच्याने न विचारता बोलतही असे.

पण खरं व्यसन वेगळंच होतं. सायकलच्या मुठीपाशी एक छोटं यंत्र बसवलेलं होतं. ते कुठून कुठे गेलो, कुठे किती वेळ थांबलो, सगळं टिपायचं आणि परत आल्या आल्या आपण होऊन जगजाहीर करायचं. नकाशावर लाल रेघ उमटायची, आणि क्राकूफचे, तार्नूफचे, आणखी कुठकुठले खडीवाले तिला पसंतीचे अंगठे द्यायचे. ज्या फेरीची रेघ उमटली नाही ती फेरी झालीच नाही, असं सेवेरिनचं ठाम मत. जेवणाच्या टेबलावर सूप निवत असताना तो फोन सगळ्यांपुढे फिरवायचा.

"हे बघा बाबा, इथे मी पाणी प्यायला थांबलो, तर इथे टिंब आलंय!"

सासरे बोगुमिल डोळे अर्धे मिटून टिंबाकडे बघायचे. "जावईबापू, म्हणजे तुम्ही मुतायला थांबलात तरी पोलंडला कळतं म्हणा की."

सासूबाई झेनोबिया पदार्थ वाढता वाढता खुदकन हसायच्या. युस्तिना, म्हणजे सेवेरिनची बायको, वडलांकडे डोळे वटारून बघायची आणि मग तीही हसायची. या हसण्यात आपल्याला घेतलं जात नाही, हे सेवेरिनला लग्नापासून टोचत आलं होतं.

टोचण्याचं दुसरं कारण अळंबी. शरद ऋतू लागला की या टेकड्यांमधली माणसं पहाटे टोपली घेऊन घराबाहेर पडतात आणि कुणाशी बोलत नाहीत. प्रत्येकाची आपली एक जागा असते. ती जागा भावाला सांगत नाहीत, बायकोला सांगत नाहीत; मरायला टेकल्यावर एखाद्याच्या कानात सांगतात, आणि काहीजण तेवढाही धीर न धरता तशीच घेऊन जातात. परतताना टोपलीवर फडकं टाकतात. वाटेत कुणी पाहुण्यारावळ्याने विचारलंच, "कुठे मिळाली हो?", तर उत्तर ठरलेलं असतं: "जंगलात." घरचा माणूस हा प्रश्न विचारत नाही. त्याला एक तर ठाऊक असतं, नाहीतर न विचारण्याची अक्कल असते.

सेवेरिनने लग्नानंतरच्या पहिल्याच शरदात विचारलं होतं. बोगुमिल म्हणाले होते, "जंगलात."

तेव्हापासून त्याची एकच इच्छा होती. सासऱ्याने एकदा तरी आपल्याला त्या जागी न्यावं, आणि आपणही या घरचे झालो असं म्हणता यावं. दरवर्षी तो बूट घालून अंगणात घुटमळायचा, आणि बोगुमिल कुंपणाच्या मागच्या फटीतून केव्हाच पसार झालेले असायचे. गेली तीन वर्षं तर 'गाय हरवलीय, शोधून येतो' म्हणून ते दिवसदिवस जंगलात असायचे.

या वर्षी मात्र बोगुमिल खुर्चीत बसून होते. गुडघ्याला लोकरीचं फडकं, हातात काठी, चेहऱ्यावर जन्माची कळ.

"गुडघा गेला," ते म्हणाले. "संपलं आपलं. या नाताळला बाजारातली अळंबी आणा आणि माझ्या थोबाडीत मारा."

"मी जातो बाबा!" सेवेरिनच्या तोंडून निघूनच गेलं.

बोगुमिलनी झेनोबियाला कोठीघरात धाडलं, युस्तिनाला कोंबड्यांकडे धाडलं, आणि खिडकी लावून घेतली.

"शपथ घ्या. चेंस्तोहोवाच्या मेरीमाउलीची."

सेवेरिनने शपथ घेतली.

"ओस पडलेल्या गावाचा दगडी क्रूस माहीत आहे ना? तिथवर तुमची खडी जाते. पुढे ओढा ओलांडायचा. विजेने चिरलेलं बीचचं झाड दिसलं की डावीकडे, फरच्या दाट झाडीत. सायकल हातात धरून न्या, क्रूसापाशी टाकू नका, कुणी बघेल. आणि युस्तिनालासुद्धा अवाक्षर नाही."

"जीव गेला तरी नाही, बाबा."

"जीव राहू दे. तोंड सांभाळा."

दुसऱ्या दिवशी पहाटे सेवेरिन निघाला तो हवेत तरंगतच. धुक्यात खडी करकरत होती, खालच्या वळणावर ट्रकने पाडलेल्या चरात तो एकदा आडवा झाला, गुडघा फुटला, पण त्याला कशाचं काही नव्हतं. चिरलेल्या बीचच्या डावीकडे फरच्या काट्यांतून अळंबी वर आली होती. जाड बुंध्यांची, तपकिरी टोप्यांची, किडीचा डागही नसलेली, हवी तेवढी. तो अक्षरशः गुडघ्यांवर बसला. सायकल ढकलत, वाकत, पुन्हा फिरत त्याने पाठीवरची पिशवी भरली. फोटो एकच काढला, आणि तोही नुसत्या अळंब्यांचा. मागे झाड येणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली.

त्याने दिलेला शब्द पाळला. बायकोने विचारलं तर तो म्हणाला, "जंगलात," आणि हा शब्द उच्चारताना त्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू! फोटोखाली त्याने अभिमानाने लिहिलं, "जागा विचारू नका. सांगणार नाही."

कुणी विचारलीच नाही. फोटोखाली नकाशा होता. लाल रेघ क्रूसापर्यंत जात होती, ओढा ओलांडत होती, डावीकडे वळत होती आणि फरच्या झाडीत जाऊन तिचा असा गुंता झाला होता, की लोकरीच्या गुंड्याशी मांजर खेळलं असावं. त्यावर टिंब होतं.

पुढच्या रविवारी सेवेरिन पुन्हा सायकल घेऊन निघाला, तर क्रूसापाशी गाड्याच गाड्या. क्राकूफचे खडीवाले घोळक्याने आले होते. त्यांच्यामागे त्यांच्या बायका, बायकांच्या बहिणी आणि बादल्या. कुणीतरी क्रूसाच्या हाताला हेल्मेट अडकवलं होतं. "सेवेरिन! राजा माणूस आहेस!" एकजण ओरडला आणि त्याने पाठीवर थाप मारली. सेवेरिन ओढ्यातून तसाच धावत सुटला.

फरच्या झाडीत जमीन नांगरल्यासारखी उकरली होती. शेवाळ उपटून फेकलं होतं, अळंबीची कोवळी पिल्लंसुद्धा पायाखाली चिरडली होती. आणि चिरलेल्या बीचखाली बोगुमिल नव्हे, तर त्यांच्या शेजारचा क्लेमेंस बसला होता. चर्चमधून थेट आलेला असावा, अंगात काळा कोट, मांडीवर रिकामी टोपली. हा विधुर म्हातारा म्हणजे बोगुमिलच्या डोळ्यात सलणारं कुसळ. सगळं गाव टोपलीवर फडकं टाकून घरी जायचं. हा एकटा उघडी टोपली घेऊन जायचा, आणि तीही नेमकी बोगुमिलच्या खिडकीखालून, शीळ घालत.

"माझ्या बापाने दाखवली होती ही जागा," क्लेमेंस कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला. "बायको शेवटपर्यंत विचारत होती. तिला नाही सांगितली मी. मरताना तिने विचारलं, तरी नाही सांगितली." त्याने नाक शिंकरलं. "तिला सांगायला हवी होती रे खडीवाल्या. निदान तिने खाल्लं तरी असतं समाधानाने. तुला कुणी दाखवली?"

सेवेरिनला सगळं एका क्षणात कळलं. गुडघ्याचं फडकं, लावलेली खिडकी, 'सायकल हातात धरून न्या'. गाय शोधायच्या निमित्ताने बोगुमिल तीन वर्षं जंगलात कुणाच्या मागे फिरत होते, तेही कळलं. त्यांच्याकडे गाय नव्हतीच मुळी. त्याला लाज वाटली, खरीखुरी, कानांपर्यंत जाळणारी. खरं सांगून टाकायचं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

पण त्याच जिभेवर दुसरंही काही होतं. सासऱ्याची एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा फक्त त्याच्याजवळ होती.

"कुणी नाही," सेवेरिन म्हणाला. "फिरता फिरता सापडली."

क्लेमेंसने मान हलवली आणि टोपली उचलली. जाताना तो शीळ घालत नव्हता.

घरी बोगुमिल शिडीवर चढून सफरचंदं काढत होते. गुडघ्यावर फडकं नव्हतं.

"गर्दी होती?" त्यांनी वरूनच विचारलं.

"बाबा, ती क्लेमेंसची जागा होती."

"हो का?" एक सफरचंद टोपलीत पडलं. "अरेरे."

"तुम्ही मला शपथ घातली होती! माउलीची!"

"आणि तुम्ही ती पाळलीत. तुमचं तोंड बंदच होतं, मी कुठे काय म्हणतो?" बोगुमिल एक पायरी खाली आले. "जावईबापू, जे घरात राहायला हवं ते मी तुम्हाला सांगेन का? पण जे गावभर व्हायला हवं, त्याला तुमच्यासारखा माणूस नाही. यंत्र फार चांगलं आहे."

"त्याने मला विचारलं, कुणी दाखवली म्हणून. मी तुमचं नाव नाही घेतलं."

बोगुमिल थांबले. त्यांनी जावयाकडे वरपासून खालपर्यंत, त्याच्या फुटलेल्या गुडघ्यापर्यंत बघितलं, जणू बाजारात घोडा पारखावा तसं. मग एक सफरचंद त्याच्या हातात दिलं. सेवेरिनने ते धुतलं नाही, तसंच खाल्लं. आता जमलं, त्याला वाटलं. आता आपण यांच्यातले. क्लेमेंसचा काळा कोट त्याने मनातून बाजूला सारला, आणि तो फारसा हट्ट न करता बाजूला झालाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्यावर सगळे टेबलाशी बसले. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली रिवाजाप्रमाणे गवत होतं आणि अनाहूत पाहुण्यासाठी एक रिकामं ताट मांडलेलं होतं. सेवेरिनला त्या ताटाशेजारची जागा मिळाली होती. पवित्र पोळीचा पातळ पापुद्रा मोडून सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या, बोगुमिल त्याला म्हणाले, "टायरमध्ये हवा राहो." पलीकडे क्लेमेंसच्या घरात एकच दिवा होता. "तिकडे यंदा बाजारातली म्हणे," असं म्हणत झेनोबियाने पडदा ओढून घेतला आणि सूप वाढलं.

सूप अळंबीचं होतं, दाट, काळसर, सगळं घर घमघमत होतं. सेवेरिनने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. क्लेमेंसच्या जागेची अळंबी त्याने चाखली होती. ही तिच्या दसपट होती. त्याला राहवलं नाही. आता विचारायला हरकत नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. सायकल गॅरेजमध्ये होती, यंत्र बंद होतं, आणि त्याने या घरासाठी एक खोटंही पचवलं होतं.

तो सासऱ्याकडे झुकला आणि कुजबुजला, "बाबा, ही कुठली?"

चमचे थांबले. युस्तिनाने ताटात बघितलं. बोगुमिलनी ओठ पुसले आणि कुठल्याही वाटसरूशी बोलावं तितक्याच प्रेमाने उत्तर दिलं.

"जंगलातली," ते म्हणाले, आणि त्याच्याकडे पाव सरकवला.