लेक राहा म्हणाली तर

माझी मोठी बहीण बुरुल आमच्या किर्गीझ डोंगरांतल्या नारीन गावात एकटीच राहते. नवरा गेल्यावर तिला एकुलती एक लेक उरली, पेरिझात. ती शिकायला म्हणून शिकागोला गेली आणि तिकडचीच झाली. तिथल्याच एका किर्गीझ मुलाशी लग्न केलं, मुलगा झाला, सांजार. सात वर्षं ताईनं लेकीला फोनवरच पाहिलं. नातवालाही.

एकदा येऊन जा, असं ताई दर वेळी म्हणायची आणि पेरिझात दर वेळी समजावायची. कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केलाय. निकाल लागेपर्यंत देश सोडायचा तर आधी प्रवासाची वेगळी परवानगी लागते. ती नसताना निघालं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. ताईला यातलं एवढंच कळायचं, की लेकीला कुणीतरी अडवून धरलंय.

"काही गुन्हा तर केला नाही ना रे तिनं?" एकदा तिनं मला हळूच विचारलं.

मग ताईनंच जायचं ठरलं. व्हिसाची मुलाखत बिश्केकला होती. मी गाडीनं घेऊन गेलो. वाटेत कोचकोरला चहाला थांबलो, तिथंही मी तिच्याकडून उत्तरं घोकून घेत होतो. घर आहे म्हणायचं, मेंढ्या आहेत म्हणायचं, महिन्याभरात परत येणार म्हणायचं.

"मेंढ्या किती सांगू?"

"आहेत तेवढ्या सांग."

"दोन आहेत. त्यापण तुझ्या."

दूतावासातून ती बाहेर आली तेव्हाच तिच्या चालीवरून मी ओळखलं, नकार मिळाला. गाडीत बसल्यावर तिनं सांगितलं. काउंटरपलीकडच्या बाईनं विचारलं, इथं तुमचं कोण आहे? ताई म्हणाली, भाऊ आहे. मग बाईनं विचारलं, लेकीनं राहा म्हटलं तर?

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, ती राहा म्हणाली तर माझ्या तोंडून ‘नाही’ निघेल का, ते मला ठाऊक नाही."

मला इतका राग आला, की परतताना मी कोचकोरला चहालाही थांबलो नाही. शेवटी तीच म्हणाली, "बाई नीट बोलत होती रे. तिच्या तोंडावर खोटं कसं सांगू?"

शरदात पेरिझातनं मला वेगळा फोन केला. आई अत्यवस्थ आहे असा डॉक्टरचा दाखला मिळाला तर तातडीची परवानगी लवकर मिळते, म्हणाली. बोलता बोलता रडायला लागली. माझ्या ओळखीचा डॉक्टर लिहून द्यायला तयारही झाला. मी ताईकडे गेलो. ती अंगणात लोकर झोडपत होती. माझं ऐकून तिनं काठी खाली ठेवली.

"मी मरायला टेकलेय असं लिहा, माझी ना नाही," ती म्हणाली. "पण तो कागद त्यांच्यापुढे ठेवणार ती. उद्या खोटा ठरला तर माझं काय जातंय? पोरीचा सगळा अर्ज बुडेल. नको. येईल तेव्हा येईल."

त्या रात्री तिनं लेकीला स्वतःच सांगितलं, की मी ठणठणीत आहे.

साधी परवानगी पुढच्या जूनमध्ये मिळाली. आम्ही बिश्केकच्या मानस विमानतळावर गेलो. मायलेकी कितीतरी वेळ एकमेकींना सोडेनात. छोटा सांजार आईमागे लपून ताईकडे खालपासून वरपर्यंत बघत होता. मग तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि पेरिझात हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा ओला झाला.

"काय म्हणतोय?" ताईनं विचारलं.

"म्हणतोय, आजीला पाय आहेत."

तीन आठवडे पोरगी घरात होती, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. परवानगी हातात असली तरी परतताना आत घ्यायचं की नाही, ते तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो म्हणे. ताईला तिला सोंगकोलच्या कुरणावर न्यायचं होतं. तिथं फोन लागत नाही आणि वकिलाचा निरोप कधीही येईल, म्हणून पेरिझात नको म्हणाली. ताईनं आग्रह केला नाही. मला पाठवून वरून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस मागवला. पेरिझातनं अख्खा वाडगा रिकामा केला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. सांजार आजीच्या बुटांत पाय घालून घरभर फिरत होता.

ती सुखरूप पोहोचली. हिवाळ्यात तिचं कायमच्या वास्तव्याचं कार्डही आलं. फोनवर तिचा आनंद मावत नव्हता. आता यायला कुणाची परवानगी नको, म्हणाली.

"आणि मी?" ताईनं विचारलं.

पेरिझात म्हणाली, व्हिसासाठी पुन्हा अर्ज करून बघता येईल, पण पुन्हा नकारच येण्याची भीती आहे. आईला कायमचं बोलवायचं तर नुसतं कार्ड पुरत नाही, नागरिक व्हावं लागतं. त्याला आणखी पाच वर्षं.

"पाचच ना? जातील," ताई म्हणाली. पोराला थंडीत टोपी घालत जा, असं बजावून तिनं फोन ठेवला.

मी तिथंच बसलो होतो. तिनं माझ्या पेल्यात चहा ओतला, स्वतःला घ्यायला विसरली.

"पाच वर्षांनी मी बहात्तरची होईन," ती म्हणाली. "एवढ्या म्हाताऱ्या माणसांना घेतात ना रे विमानात?"

मी म्हटलं, घेतात, आणि पुढच्या रांगेत बसवतात.

"खिडकीजवळची जागा मिळते का बघ," ती म्हणाली.